भैरवीच्या सोबतीला

३ सप्टेंबर

हॉस्टेलच्या एका खोलीत दोन मुली ठेवायची पद्धत ज्यानं काढली, त्याला वर्षभर भैरवीबरोबर राहायला लावलं पाहिजे. ही बाई उजाडायच्या आत उठून मोबाइलवर आरत्या लावते, न्हाऊन आली की ओले केस माझ्या कॉटवर झटकते आणि वर मलाच विचारते, "तू अजून लोळतेच आहेस?" मी लोळत नाही. पडून विचार करते. पोळ्याला गावी जाऊन आल्यापासून मी वर्गात गेले नाही, कारण तिथं सर पुस्तकातलं वाचून दाखवतात आणि तेवढं मी खोलीत पडूनही वाचू शकते. वाचत नाही ती गोष्ट वेगळी.

दुपारी गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी आहे. वर चढून बसलं की सगळं दारव्हा दिसतं, बघण्यासारखं काही नसलं तरी. मोबाइलला रेंजही तिथंच येते. खाली उतरले तर भैरवी जिन्यात उभी, हातात रिकामी बादली. "कुठे होतीस?" म्हणे. म्हटलं, "रेंज बघायला गेले होते." तर डोळे वटारून बघतच राहिली. रिकामी बादली घेऊन ती स्वतः कुठे निघाली होती, ते काही तिनं सांगितलं नाही.

८ सप्टेंबर

आज मंजुषा मॅडमनी बोलावलं. त्या आर्ट्सच्या मुलांना मानसशास्त्र शिकवतात आणि कॉलेजचा समुपदेशन कक्षही त्यांच्याकडेच आहे. हा कक्ष प्राचार्यांच्या केबिनच्या अगदी समोर, दारावर हा एवढा मोठा बोर्ड. आत शिरणारा माणूस अख्ख्या कॉलेजला दिसतो, त्यामुळे कोणी शिरतच नाही. मागच्या वर्षी आमच्या वर्गातला बंटी एकदा गेला होता, त्याला अजून सगळे "स्क्रू" म्हणतात. मीही म्हणते.

मला वाटलं, हजेरीवरून झापणार. उत्तरं तयार ठेवली होती. पण मॅडमनी हजेरीचं नावच काढलं नाही. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दिपाली, भैरवीचं मन ठिकाणावर नाही. दर मंगळवारी मी तिला इथे बोलावलंय, पण ती एकटी यायला तयार नाही. तू येशील तिच्या सोबतीला?"

आता सोबतीला नाही कसं म्हणायचं? आमच्या गावात पोरगी शिलाईवालीकडे निघाली तरी कोणीतरी सोबत लागतं. आई कळंबला दात काढायला गेली तेव्हा सोबतीला दोन काकू आणि एक शेजारीण होती, चौघींनी मिळून त्या डॉक्टरला नको नको केलं होतं. सोबतीला जाणाऱ्या बाईला कोणी नावं ठेवत नाही. मी म्हटलं, येईन. मग न राहवून विचारलं, "तिला झालंय काय, मॅडम?"

"जगण्याचा कंटाळा आलाय. जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, अशी भीती वाटते मला."

हे बोलताना त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. भारी विचित्र बाई आहे.

९ सप्टेंबर

नाटकं पाहावीत तर भैरवीची.

मॅडमनी विचारलं, झोप कशी लागते? तर म्हणे, "लागते, पण लवकरच जाग येते. मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहते." चक्क थाप! ही उशीला डोकं टेकलं की जी घोरायला लागते, ती आरत्यांपर्यंत. छताकडे बघत पडलेली असते मी, म्हणून तर मला माहीत आहे. मग जेवणाचं विचारलं. "डबा उघडायचीसुद्धा इच्छा होत नाही." आणि काल माझ्या डब्यातली भेंडी कोणी संपवली? मी उघडला नव्हता म्हणून हिनंच ना? असं केव्हापासून होतंय, तर म्हणे, "पोळ्यापासून." यांच्या घरात बैल सोडा, कधी मांजर पाळलेलं नाही, आणि बाईसाहेबांचं दुःख पोळ्यापासून सुरू झालं.

मॅडमनी मध्येच मला विचारलं, "तुला काय वाटतं, दिपाली? माणसाचं असं कशामुळे होत असेल?"

"माज, मॅडम," मी सांगून टाकलं. हिचे वडील यज्ञेश्वरराव पुसदला सरकारी ऑफिसात, आई यवतमाळच्या घरी, ही मधोमध दारव्ह्याला. ना निंदण, ना वेचणी, ना सुट्टीत उन्हात जाणं. दर रविवारी कोणीतरी गाडीतून येऊन फळं देऊन जातं. एवढं असून जगण्याचा कंटाळा येतो म्हणजे काय?

"आणि ज्याच्या घरी सगळं नीट आहे, आईवडील जीव लावतात, त्याला कंटाळा येऊच शकत नाही का?"

"येऊ नये," मी म्हटलं. भैरवी नखं खात बसली होती.

निघताना मॅडमनी मलाच कामं लावली. भैरवी सकाळी काही खात नाही, तर समोर बसून तूही खा, म्हणजे तीही खाईल. संध्याकाळी तिला बाजारापर्यंत चालवून आण. आणि गच्चीवर तिला जाऊ द्यायचं नाही. "तूही जाऊ नकोस. तू गेलीस की ती मागून येते." म्हणजे हिच्यापायी माझी जागाही गेली.

१८ सप्टेंबर

रोज सकाळी कॅन्टीनचे पोहे. मला नको असतात, पण मी चमचा खाली ठेवला की भैरवीही ठेवते आणि माझ्याकडे बघत बसते. शेवटी मीच चिडून प्लेट संपवते. संध्याकाळी चालणं. ही चालताना बडबडते, मी ऐकत नाही. काल परत येऊन आडवी झाले ती थेट आरत्यांनाच जाग आली. या मुलीनं दमवून टाकलंय मला.

आज बाजारात तिनं विचारलं, "तू कळंबकडची ना? मग यवतमाळ सोडून इतक्या लांब दारव्ह्याला का आलीस?" मी म्हटलं, तुला काय करायचंय?

यवतमाळच्या कॉलेजात आमच्याकडची निम्मी पोरं आहेत, म्हणून नाही गेले. बारावीला मला मार्क पडले तेव्हा ग्रामपंचायतीनं गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लावला होता. माझा फोटो, खाली ठळक अक्षरात "भावी डॉक्टर". फोटो खेचून इतका मोठा केला होता की नाकावरचा तीळ लिंबाएवढा दिसायचा. मग नीटला नंबर लागला नाही. पुन्हा बसले, आधीपेक्षाही कमी पडले. बाबांनी गावात काहीच सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, "दारव्ह्याले शिकून राह्यली." काय शिकून राह्यली ते लोक आपल्या मनानं धरतात. यंदा पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे होते, सगळं गाव जमलेलं, आणि शेजारच्या तांड्यावरचे हिरासिंग काका मोठ्यानं म्हणाले, "काय डॉक्टरीणबाई, आमाले सुई कधी टोचता?" लोक हसले. वाईट नाही हसले, कौतुकानंच हसले. मी पण हसले. बाबा बैलाच्या शिंगाचं बेगड नीट करत बसले.

हे मी भैरवीला कशाला सांगू? उद्या मलाच माजोरी म्हणायची.

३० सप्टेंबर

आज मी मॅडमनाच गार केलं.

त्यांनी भैरवीला विचारलं, "पहाटे जाग आल्यावर मनात काय येतं?" आणि भैरवीला काही सुचेना. इकडे बघ, तिकडे बघ, म्हणे, "असंच काहीतरी... भीती वाटते." मला तिचा इतका राग आला! तीन आठवडे नुसती रडगाणी आणि मुद्द्याचं विचारलं की बोबडी वळते. म्हटलं, मॅडम, मी सांगते. आणि मी सांगितलं. तिला असं वाटत असेल की आपण घरच्यांच्या गळ्यातलं लोढणं आहोत. आपल्याला कोणी बोलत नाही, याचाच त्रास होत असेल. बाप लोकांसमोर मान खाली घालतो, ती आपल्यामुळे. आपण नसलो तर त्यांना एकदाच रडावं लागेल, आणि असलो तर रोजचंच आहे. मग ती दिवसभर तो विचार बाजूला सारत असेल आणि पहाटे तो परत छातीवर येऊन बसत असेल.

मॅडमचं लिहिणं थांबलं. भैरवी रडायला लागली, म्हणजे बरोबर नेम लागला होता माझा. माणूस ओळखायला पदवी लागत नाही.

मॅडम पेन खाली ठेवून म्हणाल्या, "दिपाली, असं वाटणाऱ्या मुलीला तू काय सांगशील?"

म्हटलं, काही नाही सांगणार. तिचं म्हणणं चूक थोडंच आहे?

मग त्यांनी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांचा विषय काढला. भैरवीला घेऊन जाऊ, तूही चल. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. तिचे आईवडील नेतील की, त्यांच्याकडे गाडी आहे. मॅडमनी सुट्टीतही रोज फोन करायला सांगितलं. भैरवी कशी आहे ते सांगायला मी कशाला फोन करायचा, कळत नाही. तिच्याकडे स्वतःचा मोबाइल आहे.

२५ ऑक्टोबर

सुट्टी संपायच्या आतच हॉस्टेलवर परत आले. बाबांनी विचारलं, "काहून वं, एवढ्या लवकर?" म्हटलं, प्रॅक्टिकल आहे.

पावसानं सोयाबीनची मळणी लांबली. अंगणात गंजी लावून ठेवलीय आणि ताडपत्री अपुरी पडली म्हणून तिच्यावर घातलाय तो माझा फ्लेक्स. तोंड वर करून. माझ्या कपाळावर दगड, हनुवटीवर दगड, आणि मधल्या खळग्यात पाणी साचलेलं. दिवाळीला येणारा प्रत्येक माणूस आधी तो बघणार, मग मला. मी म्हटलं, बाबा, तो काढा. तर म्हणाले, "मजबूत हाय ना वं, थेंब नाई जात आत." आई लगेच, "राहू दे ना बाई, आता तसाबी त्याचा काय उपेग?" ती सहज बोलली. करंज्या तळता तळता बोलली. मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले, तर म्हणे, पोरगी अभ्यासानं थकली.

मॅडमचे फोन मी उचलले नाहीत.

२६ ऑक्टोबर

दिवा न लावता लिहितेय, अक्षर वाईट येईल.

हॉस्टेल रिकामं. वॉर्डन हंसाबाई तेवढ्या खाली टीव्ही बघत होत्या. दुपारी मी गच्चीवर गेले तर दाराला कुलूप. इतकी वर्षं त्या दाराला साधी कडी नीट लागत नव्हती. खाली जाऊन चावी मागितली. हंसाबाई म्हणाल्या, "नाई भेटत."

"काहून? मले रेंज पायजे." भांडायला लागले की माझी गावाकडची भाषा येते.

"रेंज खालीबी हाय. मले भैरवीनं सांगून ठेवलं, दिपाली एकटी आली तं चाबी देऊ नोका, अन् मले फोन करा. म्या केला."

"मी? मी काहून? जिवाचं बरंवाईट करून घ्यायची भीती तिची आहे. मॅडमला विचारा! बिमार ती हाय!"

हंसाबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे इतक्या कीवेनं बघितलं की त्यांचं तोंड ओरबाडावंसं वाटलं. म्हणाल्या, "तिले काय झालं वं? चार पोया खाऊन घोरते ते पोट्टी."

मी जिन्यात बसून राहिले. सगळे मंगळवार एकेक करून डोळ्यांसमोरून गेले. उजाडेपर्यंत छत. न उघडलेला डबा. पोळ्यापासून. हिनं माझंच सगळं उचलून स्वतःच्या नावावर सांगितलं होतं, आणि मी बाजूला बसून हिला माज आलाय म्हणत होते.

अंधार पडायच्या आत भैरवी एसटीनं आली, फराळाचा डबा घेऊन. मी जिन्यातच होते. म्हटलं, "खोटारडी."

"हो," ती म्हणाली. हिला लाजही नाही. "आणि मला अजिबात ॲक्टिंग येत नाही, तरी तुला कळलं नाही."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"टाकीवर रेंज नसते, दिपाली. तू उतरलीस ना त्या दिवशी, त्यानंतर मी वर चढून पाहिलं. काहीच नसतं. तेव्हा मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, बोलावलं तर ती येणार नाही. कोणाच्या तरी सोबतीला म्हणून येईल."

"तुझ्या काय बापाचं जात होतं? मी मेले काय, राहिले काय! मी तुला आवडत तरी होते का?"

"नव्हतीस. आताही नाही आवडत," भैरवी म्हणाली. "तू सगळ्यांना घालूनपाडून बोलतेस. त्या बिचाऱ्या बंटीला स्क्रू म्हणतेस. माझ्या वडिलांबद्दल मॅडमसमोर काय काय बोललीस, मी ऐकून घेतलं. पण त्या खोलीत दोन कॉट आहेत. एखाद्या दिवशी माझ्या शेजारची कॉट कायमची रिकामी झाली, तर मी तिथे कशी झोपू, सांग ना! मी काय करू मग?"

शेवटचं ती किंचाळलीच. मी तिच्या हातातला डबा घेऊन भिंतीवर आपटला. चकल्यांचा चुरा जिनाभर. हंसाबाई आल्या, दोघींना शिव्या घातल्या आणि दोघींच्या हातात झाडू दिला. आम्ही वरपासून खालपर्यंत जिना झाडला. मला लाज वाटत होती, आणि राग तर इतका की माझे दात दुखत होते. पण एक गोष्ट लिहायलाच हवी. तिनं डोळे पुसत पुसत आमच्या खोलीला आतून कडी लावली तेव्हा मला बरं वाटलं.

४ नोव्हेंबर

मॅडमशी भांडायलाच गेले. समोरच्या केबिनबाहेर निम्मं कॉलेज उभं होतं, तरी गेले. म्हटलं, तुम्ही शिक्षक आहात का कोण? तुम्ही मला फसवलंत.

"फसवलं," मॅडम म्हणाल्या. "माझं चुकलंच असेल. तुला खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं."

म्हटलं, हे काही उत्तर नाही. त्या म्हणाल्या, नाहीच आहे. मग त्यांचा आवाज बदलला. "भैरवीच्या वतीनं म्हणून तू त्या दिवशी जे बोललीस ना, ते ऐकल्यापासून मला धड झोप नाही. त्याच दिवशी तुला घेऊन जायला हवं होतं. सुट्टीत तू फोन उचलेनास, तेव्हा तर मी फार घाबरले. मी नुसती शिकवते, दिपाली. हे डॉक्टरचं काम आहे. माझ्याबरोबर चल."

मला वाटत होतं, मी ओरडेन. ओरडण्यासाठीच तोंड उघडलं होतं. पण निघालं ते वेगळंच. मी म्हटलं, "मॅडम, मी टाकीवर रेंजसाठी जात नव्हते." एवढंच बोलले आणि मग मला रडू आवरेना. इतकं घाणेरडं रडले की नाक पुसायला माझी ओढणी पुरेना. मॅडमनी दार लावायला हात पुढे केला, तर मी म्हटलं, राहू द्या उघडं, सगळ्यांनी पाहिलंच आहे.

६ नोव्हेंबर

मॅडम आणि भैरवीबरोबर यवतमाळला जाऊन आले. डॉक्टर तरुण आहे, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठा असेल. त्याच्या गळ्यातलं कार्ड मी दोनदा वाचलं. याचा नंबर लागला होता. मनात म्हटलं, याला एक अक्षर सांगायचं नाही.

त्यानं इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं कोणी सरळ विचारतं, हेच मला माहीत नव्हतं. सवयीनं मी भैरवीकडे पाहिलं. ती या वेळी गप्प बसली. मग मीच म्हटलं, "येतं."

तो दचकला नाही, ओरडला नाही. म्हणाला, बरं झालं सांगितलंत. आणखी पुष्कळ विचारलं. गोळ्या दिल्या, त्या भैरवीकडे ठेवायला सांगितल्या. एकटं राहायचं नाही, पुढच्या आठवड्यात परत यायचं, आणि येताना घरचं कोणीतरी आणायचं. मी म्हटलं, मॅडम आहेत की. तर नाही, घरचंच हवं.

बाहेर येऊन मी भैरवीला म्हटलं, हे माझ्यानं होणार नाही. हा डॉक्टर बापाला डॉक्टरकडे बोलावतो. त्या बापाला, ज्यानं गावात माझं अजून काहीच सांगितलं नाही. भैरवीनं माझा मोबाइल काढून नंबर लावला आणि माझ्या हातात कोंबला.

बाबा वावरात होते. मागे वेचणीच्या बायांचा गलका.

"बाबा, तुम्हाला यवतमाळला यावं लागेल. दवाखान्यात."

"काय झालं वं? ताप हाय काय?"

"ताप नाही." मग मी एका दमात सांगितलं. झोप लागत नाही, जेवण जात नाही, वर्गात जात नाही, आणि जगावंसं वाटत नाही.

पलीकडे बाबांनी बायांना गप्प राहायला सांगितलं.

"येतो," बाबा म्हणाले.

"वेचणी चालू आहे ना?"

"कापूस काई पयून नाई जात. तू आता कोनापाशी हायेस?"

म्हटलं, भैरवीपाशी. "तिले फोन दे," म्हणाले. ती नुसतं हो काका, हो काका करत राहिली. काय बोलले, तिनं अजून सांगितलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

बाबा पहिल्या गाडीनं यवतमाळला आले होते. लग्नाला घालतात तो शर्ट, खिशात कळंबच्या चिंतामणीचा अंगारा. आईनं दिलेला. तो त्यांनी माझ्या कपाळाला लावला. मॅडम चिठ्ठी काढायला रांगेत लागल्या, भैरवी आली नाही, तिचा आज पेपर होता. आम्ही दोघं डॉक्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. बाबा टोपी काढायचे, परत घालायचे.

आणि समोरून कोण यावं, तर हिरासिंग काका. सुनेला दाखवायला आणलं होतं, विभाग शोधत हिंडत होते. "अरे, मारोतराव! तुमी इकडं कोनाले घेऊन आले?"

मी खाली बघितलं. फरशीत जागा असती तर आत शिरले असते.

"कोनाले नाई," बाबा म्हणाले. "मीच आलो दाखवाले. रातची झोप नाई लागत, डोस्कं फिरल्यावानी होते. दिपाली आली सोबतीले."

माझा बाप जन्मात कोणाशी खोटं बोलला नव्हता. माझ्या शिक्षणाबद्दलसुद्धा तो फक्त गप्प राहिला होता. आणि आता सगळ्या तांड्यागावात वेडा ठरायला हा माणूस नीटनेटका शर्ट घालून तयार बसला होता. हिरासिंग काका हळहळले. "असं होय? काळजी नोका करू बावा, घरची डॉक्टरीण हाये तुमची." माझ्याकडे बघून मान डोलावली.

मला पोळ्यासारखं हसता आलं असतं. तोंड तयारही झालं होतं. पण बाजूला बाबांचे हात मांडीवर टोपी कुस्करत होते, त्यांच्याकडे बघून मला हसवेना.

"काका, मी डॉक्टरकीचं शिकत नाही," मी म्हटलं. "नंबर नाही लागला माझा. दारव्ह्याला साधी बीएस्सी करते. आणि बाबांना काही झालेलं नाही. झोप मला लागत नाही. मन माझं बिघडलंय. बाबा माझ्या सोबतीला आलेत."

हिरासिंग काकांनी सुनेकडे पाहिलं. मग "अस्सं, अस्सं" करत सुनेला घेऊन पुढे सरकले. संध्याकाळपर्यंत गावभर करतील. करू देत.

बाबा चिडले होते. "कायले सांगतलं वं? म्या निभावून नेलं असतं." मी त्यांच्या हातातली टोपी घेतली आणि सरळ करून परत दिली.

तेवढ्यात सिस्टरनं दार उघडून नाव पुकारलं आणि ओरडली, "पेशंटनं आत यायचं, सोबतच्यांनी बाहेर थांबायचं." बाबा तरी उठलेच. मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि आत गेले.